मऊ बोटांचें यंत्र

आमच्या वाडींत विहिरीच्या अंगाला एक जांभळाचें झाड आहे. आमच्या आजोबांनीं तें लावलें. गेलीं तीस वर्षें आणि वर कांहीं, त्या झाडावर कोणी चढलेलें नाहीं. दर ज्येष्ठांत तें फळांनीं भरून येतें. पहिल्या सरींबरोबर खालची माती जांभळी होते. साळुंक्या दिवसा आणि वटवाघळें रात्रीं यथेच्छ भोजन करतात. आणि घरांतील मुलें उरलींसुरलीं, मातींत पडलेलीं फळें धुऊन खातात. येणारा पाहुणा विचारतो, "मास्तर, एवढें फळ वायां कां घालवतां?" त्यास आम्ही कांहीं तरी उत्तर देऊन विषय बदलतों. खरें उत्तर या लेखांत ओघानें येईलच. तें लिहावें अशी बुद्धि आम्हांस झाली ती आमच्या नातवानें घरीं आणलेल्या एका यंत्रामुळें. म्हणून आरंभ त्या यंत्रापासूनच करणें बरें.

आमचें कुटुंब वसईचें, मोठें, आणि अद्याप एका चुलीचें. निर्मळच्या तलावापासून थोड्या अंतरावर आमची वाडी आहे. केळी, चिकू, नारळ, पानवेल असें पूर्वीं सर्व कांहीं होतें. आतां पानवेल गेली, राजेळीचे थोडे खुंट उरले, चिकूचीं झाडें मात्र अजून फळ देतात. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली, त्याच्या आधींपासूनच भोंवतालच्या वाड्या एकामागून एक इमारतींच्या पायांत जाऊं लागल्या होत्या. आमची राहिली याचें श्रेय आमच्या थोरल्या बंधूंच्या हट्टाला आहे, आम्हांस नाहीं. आम्ही स्वतः मॅट्रिक झालेले, लहानपणीं चुलत्यांपाशीं संस्कृत पढलेले आणि सारा जन्म मुलांकडून विभक्तिरूपें घोकून घेऊन निवृत्त झालेले पंतोजी. यंत्र म्हटलें कीं आमची धांव पिठाच्या गिरणीपर्यंत.

नातू मुंबईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वैशाखांत तो सुट्टीवर आला तो एक पुठ्ठ्याचें खोकें घेऊन. माजघरांत त्यानें तें उघडलें तेव्हां घरांतील सगळीं मुलें आणि निम्मीं मोठीं माणसें भोंवतीं जमलीं. आंतून निघालीं तीन बोटें! पांढुरक्या रबराचीं, कणकेसारखीं मऊ, एका गोल चकतीवर तीन बाजूंस बसविलेलीं, आणि प्रत्येकाच्या मुळाशीं एक बारीक नळी. नळ्यांचें दुसरें टोंक त्यानें सायकलच्या पंपाला जोडलें व हलकेंच दांडा दाबला. तीं तीन्ही बोटें एकदम आंत वळलीं आणि त्यांनीं मधें ठेवलेला चिकू अलगद कवटाळला. पोरांनीं टाळ्या पिटल्या. आमच्या थोरल्या वहिनी ऐंशीच्या घरांत आहेत, त्या चष्मा सांवरून म्हणाल्या, "हा तर चिमटा. पण माझ्या सांडशीपेक्षां याचे गुण बरे दिसतात."

त्या दिवशीं संकष्टी होती आणि स्वयंपाकघरांत उकडीचे मोदक व्हावयाचे होते. आमच्या सूनबाईंनीं सुचविलें, याला मोदक उचलतां आला तरच हें खरें. त्यावर वहिनींनीं बजावलें कीं, नैवेद्य होण्यापूर्वीं कोणत्याही यंत्रास मोदक मिळणार नाहीं. तेव्हां चंद्रोदय झाला, नैवेद्य झाला, आणि रात्रीं साडेनऊच्या पुढें परीक्षेस आरंभ झाला. पहिल्या खेपेस नातवानें पंप जोरांत दाबला. मोदकाचें सारण भुईवर आलें आणि वहिनी "अरे, अरे" म्हणून उठल्या. दुसऱ्या खेपेस हवा थोडी घातली. मोदक उचलला गेला खरा, पण वाटेंतच निसटला. तिसऱ्या खेपेस मात्र तो पाटावरून उठून ताटांत जाऊन बसला, आणि त्याची एकही कळी दबली नव्हती. आमच्या सूनबाईंनीं तो दिव्याजवळ नेऊन चहूंकडून पाहिला. त्या एवढेंच म्हणाल्या, "हात बरा आहे."

वाचकांस हा पोरखेळ वाटेल. आम्हांसही प्रथम तसाच वाटला. परंतु नातवाशीं बोलतां बोलतां कळलें कीं, यामागें जगांतील कित्येक मोठ्या विद्यापीठांचे परिश्रम आहेत, आणि त्या सर्वांचें लक्ष्य एकच: झाडावरचें फळ, तें न दुखावतां, मनुष्याला झाडावर न चढवतां खालीं कसें आणावें.

या जातीच्या यंत्राला मराठींत नांव काय द्यावें, याची घरांत थोडी चर्चा झाली. इंग्रजी नांवाचा अर्थ पकडणारा, घेणारा. आम्हीं तत्काळ 'ग्राहक' हा शब्द सुचविला. व्याकरणदृष्ट्या त्यांत कांहींही दोष नाहीं. नातू हंसून म्हणाला, "आजोबा, मग बाजारांत कोणी कोणाला विकलें तें कळणार नाहीं." शेवटीं 'मृदुपाणि' ठरलें. वहिनी त्याला 'बोटें' म्हणतात, आणि घरांत तेंच चाललें आहे.

यांतील कारागिरी समजावयास फार विद्या लागत नाहीं. बोट आंतून पोकळ असतें आणि त्या पोकळींत लहान लहान कप्पे ओळीनें असतात. पाठीचें रबर ताणलें जाईल असें. पोटाच्या बाजूस मात्र न ताणणाऱ्या कापडाचा किंवा कागदाचा थर घातलेला. हवा शिरली कीं पाठ फुगून लांब होते, पोट आहे तेवढेंच राहतें. मग बोटाला पोटाकडे वळण्यावांचून गत्यंतर नसतें. वहिनींना आम्हीं हें पापडाच्या दृष्टांतानें सांगितलें. उन्हांत घातलेला पापड वरून आधीं सुकून आंखडतो, खालून ओला राहतो, आणि म्हणून त्याच्या कडा वर वळतात. एका अंगाची लांबी बदलली आणि दुसऱ्याची बदलली नाहीं, कीं वस्तु वांकते. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत जॉर्ज व्हाइटसाइड्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनें २०११ सालीं याच तत्त्वावर तारामाशाच्या आकाराचा एक पंजा केला आणि त्यानें कच्चें अंडें न फोडतां उचलून दाखविलें. आमच्या घरीं अंड्याच्या जागीं मोदक आला, इतकाच फरक.

परंतु आम्हांस खरी गोडी वाटली ती निराळ्याच गोष्टीची. हे सारे विद्वान् धडा घ्यावयास गेले ते जनावरांकडे. आणि सर्वांत आधीं कोणाकडे, तर हत्तीकडे. संस्कृतांत हत्तीला 'हस्ती' म्हणतात, म्हणजे हात असलेला. 'करी' याचा अर्थही तोच. पाणिनीनें 'हस्ती' या शब्दाकरितां एक स्वतंत्र सूत्र खर्चीं घातलें आहे. त्याचा आशय असा कीं, हस्त शब्दापुढें हा प्रत्यय यावयाचा तो प्राण्याची जाति सांगावयाची असेल तेव्हांच. एरवीं हात असलेला मनुष्य तो नुसता हस्तवान्. चाळीस वेळां तरी आम्हीं हें सूत्र विद्यार्थ्यांना समजावून दिलें असेल, पण हात ही हत्तीची जाति कां आणि आपली कां नव्हे, हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नाहीं. आमच्या लहानपणीं गांवांत माहूत हत्ती घेऊन दारोदार येत असे. आम्हीं तळहातावर पांच पैशांचें चौकोनी नाणें धरलें कीं तो सोंडेच्या टोंकानें तें उचलून माहुताला देई. तळहाताला लागे ती फक्त ओलसर, ऊन हवा. त्याच सोंडेनें तो केळीचा आख्खा खुंट उपटतो, हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणूनच तर अंगावर कांटा येई.

त्या सोंडेंत हाड म्हणून नाहीं. नुसते स्नायूंचे जुडगे; आपली जीभ आहे ना, तशीच तिची रचना. २०२१ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयांतील एका हत्तिणीपुढें मक्याची पातळ, कुरकुरीत पापडी ठेवून पाहिली. तिनें श्वास आंत ओढून ती पापडी सोंडेला चिकटविली आणि न मोडतां उचलली. जर्मनींतील फेस्टो ही कंपनी आणि फ्राउनहोफर ही संशोधनसंस्था यांनीं सोंडेच्याच धर्तीवर, हवेनें वळणारा एक हात बनविला. त्यास २०१० सालीं त्या देशाचें मोठें पारितोषिक मिळालें. तो हात माणसाला धडकला तरी इजा होत नाहीं, कारण तो स्वतःच दबतो. कारखान्यांतील पोलादी यंत्रहस्तांना लोखंडी पिंजऱ्यांत ठेवावें लागत असे, तें कां, हें यावरून ध्यानांत येईल.

दुसरा गुरु मासा. माशाच्या शेपटीच्या पराला एका बाजूनें बोटानें दाबलें तर तो पर बोटापासून दूर न जातां उलट बोटाच्याच अंगानें वळतो. लीफ क्नीझे नांवाच्या एका जर्मन गृहस्थाच्या लक्षांत ही गोष्ट आली आणि तिच्यावरून एक निराळें बोट निघालें. दोन लवचिक पट्ट्या टोंकाशीं जुळलेल्या, मधें शिडीसारखे आडवे दांडे. मधोमध फळ टेकलें कीं टोंक आपोआप फळाभोंवतीं वळतें. यांत हवाही लागत नाहीं. आमच्या पिढ्या कोळ्यांच्या शेजारांत गेल्या. पहांटे अर्नाळ्याहून, नायगांवहून माशांच्या टोपल्या स्टेशनाकडे जातांना आम्हीं जन्मभर पाहिल्या. पण आम्हीं पाहिलें काय, तर नाकावर उपरणें कसें धरावें एवढेंच! अष्टपादाची गोष्ट तर आणखी विलक्षण. त्याच्या मज्जापेशींपैकीं सुमारें दोनतृतीयांश पेशी डोक्यांत नसून हातांत असतात. म्हणजे त्याचा हात डोक्याला न विचारतां पुष्कळसा विचार स्वतः करतो. फेस्टोनें बीजिंगच्या एका विद्यापीठासमवेत २०१७ सालीं त्याच्याही हाताची प्रतिकृति केली, शोषून धरणाऱ्या वाट्यांसकट.

येथें आमच्या समानशील स्नेह्यांना एक विनंती. ऋग्वेदांत विश्पलेला अश्विनीकुमारांनीं धातूचा पाय बसविल्याचा उल्लेख आहे. तेवढ्यावरून कृत्रिम अवयव आपलेच, असें म्हणणारे गृहस्थ आम्हांस वारंवार भेटतात. ऋषींनीं गोष्ट सांगितली, कृति सांगितली नाहीं. आणि तो पाय तरी धातूचाच होता. मऊ वस्तूनें काम होतें, हें कळावयास माणसाला हत्ती आणि मासा हे दोघेही समोर असून फार वर्षें लागलीं.

असो. मुद्दा फळाचा आहे. कारखान्यांत दहा हजार खिळे एका मापाचे असतात. त्यांना पोलादी चिमटा पुरतो. फळाचें तसें नाहीं. एकाच फांदीवरचे दोन चिकू सारखे नसतात. कठीण हातानें फळ धरावयाचें तर प्रत्येक फळाचें माप आधीं मोजलें पाहिजे, किती दाबावें याचें गणित केलें पाहिजे, आणि गणित चुकलें कीं फळ गेलें. मऊ हात हें गणित स्वतःच्या अंगावर घेतो. फळ जसें असेल तसा तो होतो. ही युक्ति कळल्यावर आम्हांस वाटलें, आतां काय, उद्यांपासून झाडाखालीं यंत्र ठेवावें आणि आपण ओटीवर बसावें. नातवानेंच आम्हांस जमिनीवर आणलें. परदेशांत स्ट्रॉबेरी कमरेइतक्या उंच वाफ्यांत, सरळ ओळींत लावतात. तेथें यंत्राला फळ दिसतें आणि मिळतें. सफरचंदाचीं झाडें भिंतीसारखीं चपटीं वाढवितात. कॅलिफोर्नियांतील अ‍ॅबंडंट रोबॉटिक्स नांवाच्या कंपनीचें यंत्र नळीनें सफरचंद ओढून घेत असे. २०१९ सालीं न्यूझीलंडच्या बागांत त्यानें खरोखरीची तोडणी केली. २०२१ सालीं ती कंपनीच बंद झाली. तेव्हां गोष्ट सोपी नाहीं.

आणि आमचीं झाडें! आमच्याच पालघर जिल्ह्यांतील डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील बागांत जुनीं झाडें माडीच्या उंचीचीं आहेत आणि फळ पानांआड दडलेलें. चिकूचा रंग पिकल्यावरही कच्च्यासारखाच राहतो. अंगावरची खरबरीत भुकटी गळूं लागली म्हणजे जाणता मनुष्य नखानें सालीवर एक बारीक रेघ ओढतो. खालीं हिरवें दिसलें तर फळ ठेवावयाचें, पिवळसर दिसलें तर काढावयाचें. हें नख यंत्राला कोठून आणावयाचें? तरी चिकूची एक सोय आहे, तो कठीण असतांना काढतात आणि मग तो घरीं पिकतो. जांभळाची तीही सोय नाहीं. जांभूळ झाडावरून उतरलें कीं पुढें पिकत नाहीं. तें पूर्ण पिकल्यावरच काढावें लागतें, म्हणजे नेमकें तें जेव्हां बोटाच्या स्पर्शानेंही फुटूं शकतें तेव्हां. शिवाय एकाच घोंसांतलें एक जांभूळ आज पिकतें, दुसरें परवां. आणि झाड कसें, तर उंच, आणि फांदी ठिसूळ. जिल्ह्यांतील बहाडोलीच्या जांभळाला २०२३ सालीं मानांकन मिळालें. तेथें हंगामांत झाडाभोंवतीं बांबूची परांची बांधतात आणि तीवर उभें राहून एकेक फळ हातानें खुडतात. बांबू, दोर, बांधणारे मजूर, यांत बरेच पैसे जातात. पण परांची बांधतात.

आम्हीं त्या वर्षीं बांधली नव्हती.

साल १९९४. आमच्या वाडीवर एक वारली गृहस्थ गडी म्हणून होते. पूर्वेकडील डोंगराच्या पायथ्याला त्यांचा पाडा. आमच्या वडिलांच्या वेळेपासून ते येत. वयानें आमच्याहून पंधरा वर्षांनीं मोठे. सगळें घर त्यांना 'मामा' म्हणे, परंतु हांक 'अरे मामा' अशीच. आज लिहितांना आम्ही अहोजाहो करीत आहों. तेव्हां केलें नाहीं, आणि त्यांत वावगें आहे असेंही वाटलें नाहीं. नारळ, आंबा, जांभूळ, सगळीं झाडें तेच उतरवीत. जांभळाला दरवर्षीं दोन दिवस आधीं परांची बांधावी लागे. त्या वर्षीं वडील आजारी होते, खर्च वाढला होता, आणि आम्हीं ठरविलें कीं फळ विकावयाचें नाहीं, मग परांची कशाला?

वटपौर्णिमेचा आदला दिवस. पाऊस दोन दिवस पडून उघडला होता. वाणाला पांच फळें लागतात, त्यांत जांभूळ हवें. मामा खालच्या फांद्यांवरचीं फळें काढून उतरले. त्यांची बायको खालीं टोपली घेऊन उभी होती. तीं फळें बारीक होतीं, कांहीं पक्ष्यांनीं टोंचलेलीं. विहिरीच्या बाजूची एक फांदी मात्र टपोऱ्या घोंसांनीं लवली होती. आम्ही ओटीवर उभे होतों. आम्हीं म्हटलें, "अरे, ती एक फांदी घे ना. चांगलीं फळें तर तेथें आहेत." मामा म्हणाले, "ओली आहे, मास्तर. उद्यां दोन बांबू बांधून काढतों." आम्ही म्हणालों, "उद्यां सकाळीं तर वाण द्यावयाचें." एवढेंच बोलणें झालें. आमचा आवाज चढला नव्हता, धाक दाखविला नव्हता. वर्गांत एखाद्या मुलाला "ऊठ, फळ्याकडे ये" म्हणावें, त्या सुरांत आम्ही बोललों. आणि त्या सुराला नाहीं म्हणण्याची संवय ना वर्गांत कोणाला होती, ना वाडींत.

फांदी मोडल्याचा आवाज लहानसा झाला. कोरडी काटकी मोडावी तसा.

मामा वांचले. खुब्याचें हाड मोडलें; सहा महिने अंथरुणावर काढले, आणि मग उरलेलें आयुष्य काठीवर. इस्पितळाचा खर्च आम्हीं दिला, दोन पावसाळे धान्य पोंचविलें, आणि मनांत हिशेब चुकता केला. वडिलांनीं अंथरुणावरूनच सांगितलें कीं, यापुढें त्या झाडावर कोणी चढावयाचें नाहीं. घरांत तो नियम झाला, आणि नियम झाला कीं कारणाबद्दल बोलण्याची गरज राहत नाहीं. मामा पुढें कधीं कधीं येत, विहिरीपाशीं बसत, केळीचीं सुकलेलीं पानें कापून देत. २०११ सालीं ते वारले. त्यांनीं त्या दिवसाचा विषय आमच्याजवळ एकदांही काढला नाहीं. आम्हींही काढला नाहीं.

त्यांची नात आतां तिशीची आहे. आमच्या आणि आसपासच्या वाड्यांतून चिकू उतरविण्याच्या कामाला ती येते. लांब बांबू, त्याच्या टोंकाला जाळीचा झेला, आणि जमिनीवर उभें राहून मान वर. नातवानें तिलाच बोटें दाखविलीं. मोदक उचलल्याची कथाही सांगितली. तिनें तीं बोटें हातांत घेऊन दाबून पाहिलीं आणि विचारलें, "हें धरतें बरोबर. पण देंठ कोण मोडणार?"

नातू क्षणभर गप्प झाला, आणि आम्हांस मान्य केलें पाहिजे कीं आम्हांस आनंद झाला; उत्तम विद्यार्थी निरुत्तर झालेला पाहण्यांत पंतोजींना एक अधम सुख असतें. तिनें चिकू काढण्याची रीत दाखविली: धरावयाचें, किंचित् पिळावयाचें, आणि मग ओढावयाचें. नुसतें ओढलें तर देंठापाशीं साल फाटते आणि फळ सडतें. धरणें हें काम अर्धेंच. पुढें नातवाकडून कळलें कीं, मोठमोठ्या प्रयोगशाळाही याच जागीं अडखळतात. कोणी पिळतो, कोणी ओढतो, कोणी देंठाला कात्री लावतो.

मग तिनें दुसरा प्रश्न केला. "असलीं यंत्रें आलीं कीं माझी मजुरी जाणार ना?" नातवानें हात झटकले नाहींत, हें आम्हांस बरें वाटलें. तो म्हणाला, "जाऊं शकते. मी करतोंय तें बांबूच्या टोंकाला लावायचें आहे, बांबू तुमच्याच हातांत. पण कोणी दुसरा मोठें करील, तर माझ्या हातांत तें नाहीं." ती थोडा वेळ बोटांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मग आधीं हें हलकें करा. दिवसभर बांबू वर धरून खांदे भरून येतात. त्यांत हें ओझें कोण उचलणार?"

यानंतरचे पंधरा दिवस आमच्या पडवीचा कारखाना झाला. पंप बांबूवरून काढून कमरेच्या पट्ट्याला आला. नळी बांबूच्या पोकळींतून वर गेली. टोंकाला राहिलीं तीं फक्त बोटें आणि त्यांना पिळ देणारी एक दोरी. वहिनींच्या शिवणाच्या डब्यांतील रिळें नाहींशीं होऊं लागलीं. आमच्या सूनबाई मुलाला जेवावयास तीन तीन हांका मारीत. आम्ही खुर्ची टाकून पाहत बसूं आणि मधून मधून निरुपयोगी सूचना करूं.

ज्येष्ठ लागला. नातू एके सकाळीं म्हणाला, "आजोबा, चिकूवर झालें. आतां जांभळावर पाहूं." त्याला झाडाची हकीकत ठाऊक नव्हती, घरांतील कोणाही मुलाला ठाऊक नव्हती. त्या नातीला ठाऊक असावी. तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं त्याच वेळीं, विहिरीच्या कठड्यावर बसून, वर लिहिलें आहे तें सारें नातवाला सांगितलें, तिच्या देखत. मोडलेल्या फांदीचा खुंट अजून झाडावर आहे, तोही दाखविला. ती मधें बोलली नाहीं. शेवटीं एवढेंच म्हणाली, "आजा सांगायचा, पाय घसरला म्हणून."

मग तिनें बांबू उचलला. निकाल लिहावयाचा तर प्रामाणिकपणें लिहितों: तासाभरांत बोटांनीं सतरा जांभळें खालीं आणलीं, त्यांपैकीं पांच फुटलीं. एक घोंस धरतांना वाळक्या काटकीनें एका बोटाला भोंक पाडलें, हवा सूं करून गेली, आणि बोट लुळें पडलें. मग उरलेला वेळ दोन बोटांवर भागवावें लागलें. इतक्या वेळांत तिनें नेहमींच्या झेल्यानें टोपली भरली असती, अर्थात् निम्मीं जांभळें चेपून. नातवानें वहींत आंकडे टिपले आणि फाटलेलें बोट निराळ्या रबराचें करावें लागेल, अशी नोंद केली. झाडाखालीं तीन माणसें माना वर करून उभीं होतीं आणि झाडावर कोणी नव्हतें.

बारा जांभळें अखंड निघालीं. टपोरीं, देंठासकट, अंगावरची निळसर पांढरी झांक न पुसलेलीं. वहिनींनीं तीं केळीच्या पानावर मांडून आणावयास सांगितलें. परंतु त्या नातीनें विचारलें, हीं घरीं नेऊं का, आजी आहे अजून. आम्हीं होय म्हटलें. तिनें तीं पदरांत सैलसर बांधलीं, एकमेकांवर दाबूं नयेत म्हणून पदर हातावर तोलून धरला, आणि स्टेशनाकडच्या बसला गेली. ती आजी म्हणजे त्या दिवशीं झाडाखालीं टोपली घेऊन उभी होती तीच. तिनें तीं जांभळें खाल्लीं किंवा नाहीं, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.